वाट मोडते, वाट मळते

रस्ता बांधतात, वाट मळते. आणि जिच्यावरून जाणं-येणं थांबलं ती वाट मोडते. हे दोन शब्द नुसते बोलण्यातले नाहीत, हे किन्हवलीच्या आसपास वर्षभर डोंगर चालला की कळतं. इथल्या वाटा दर वर्षी जूनमध्ये खरोखरच मोडतात आणि दिवाळीनंतर नव्याने मळतात. ज्याला हे ठाऊक नाही तो एप्रिलमध्ये पाहिलेली वाट ऑक्टोबरात शोधायला जातो आणि छातीएवढ्या गवतात उभा राहून मोबाइलकडे बघत बसतो. त्यात मीही एकदा होतो. ते पुढे येईलच.

किन्हवली शहापूर तालुक्यातली, पण तिचं निम्मं तोंड मुरबाडकडे. शहापूरहून शेणव्यावरून यायचं, आणि तसंच पुढे काळू नदी ओलांडून सरळगावला कल्याण-माळशेज रस्त्याला लागायचं. भोवती भातखाचरं, मोहाची-आंब्याची झाडं, पाडे आणि वाड्या. मान वर केली की पूर्वेपासून दक्षिणेपर्यंत सह्याद्रीची भिंत. पूर्वेला आजोबाचा डोंगर आणि हरिश्चंद्रगड, आग्नेयेला मोरोशीचा भैरवगड, नाणेघाट आणि जीवधन, दक्षिणेला गोरखगड, मच्छिंद्रगड आणि त्यांच्यापलीकडे सिद्धगड. पश्चिमेकडे मात्र एकटा माहुली, रांगेतून फुटून आसनगावच्या अंगाला जाऊन बसलेला. उंची 858 मीटर, ठाणे जिल्ह्यात किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच म्हणून त्याचं नाव घेतात.

ही भिंत उभी राहिली ती ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर असा येत राहिला. काही थर घट्ट कातळाचे, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार झाले, घट्ट थर कडे म्हणून उभे राहिले. म्हणून आपला सह्याद्री लांबून पाहिला तर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कोकणातून चढणाऱ्या माणसाला हे पुस्तकात वाचावं लागत नाही, पोटऱ्यांना कळतं. आधी दमवणारी सोंड, मग अचानक सपाटी आणि दाट रान, मग पुन्हा डोक्यावर कडा. या मधल्या रानाच्या सपाटीला इथे 'पदर' म्हणतात. डोंगरानं कमरेला खोचलेला पदरच जणू. पदरात पाणी असतं, सावली असते, आणि बहुतेक चुकणारी माणसं पदरातच चुकतात.

वाटांचे शब्दही असेच नेमके. दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची अरुंद घळ म्हणजे नाळ किंवा नळी. दोन्ही बाजूंना उतार असलेला निमुळता माथा ती धार. जिथे कातळटप्प्याला शिडी टेकवावी लागते ती निसणी. जिथून गुरं जातात ती ढोरवाट. बहुतेक नाळी उगाच कुठेही नाहीत. कातळाला जिथे मोठी भेग होती तिथे पाण्यानं ती रुंद करत नेली, आणि मग त्या फटीतून माणसानं वाट काढली. याच्या उलट मोरोशीचा भैरवगड. तिथे भेगेत उभा शिरलेला लाव्हा आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक निघाला. बाजूचं झिजून गेलं आणि भिंत तेवढी राहिली. माळशेजच्या रस्त्यावरून पाहिलं तर कुणीतरी गवंड्यानं ओळंबा लावून बांधल्यासारखी वाटते.

आता पाऊस. इथल्या चालण्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं मी म्हणेन, जरी चालणं तेव्हाच थांबत असलं तरी. पहिल्या वळवाबरोबर रानातून शेवळं वर येतात. पान नाही, काही नाही, जमिनीतून सरळ जांभळट-तपकिरी कोंब. शहापूर-मुरबाडच्या बाजारात आदिवासी बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी हमखास छोट्या हिरव्या फळांचा वाटा असतो. ती काकडं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खवखवतो. सुरणाच्याच कुळातली ती. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं आणि काकडांच्या आंबट रसात किंवा चिंचेत शिजवायचं. एकदा मी नुसतीच शेवळं उचलली तर विकणाऱ्या मावशींनी हात धरला. "काकडं घे रं, नाय तं उद्या मला शिव्या देशील." पैसे वेगळे घेतले नाहीत. शेवळांचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. मग टाकळा, फोडशी, कुरडू, भारंगी, करटुली अशी रांग लागते, आणि श्रावणापर्यंत रानाचं पान बदलत राहतं.

याच दिवसांत डोंगरवाटा मोडायला लागतात. घसाऱ्यावरची माती वाहून जाते, ओढे वाट पोटात घेतात, नाळी म्हणजे धबधबेच होतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला थडकून वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी इथेच, कोकणाच्या बाजूला टाकून रिकामे होतात. घाटमाथा ओलांडून जुन्नरकडे थोडं पुढे गेलं तरी पाऊस झपाट्यानं कमी होत जातो. नाणेघाटाच्या तोंडाशी तर पाणी वर उडताना दिसतं. खालून आलेला वारा त्या चिंचोळ्या खिंडीत कोंडला जातो आणि कड्यावरून पडणारी धार उचलून परत माथ्यावर फेकतो. लोक त्याला 'उलटा धबधबा' म्हणतात आणि तो पाहायला शनिवार-रविवारी एवढी गर्दी लोटते की वारा कुठे आणि माणसं कुठे कळत नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धोक्याच्या जागी प्रशासन मनाईचे आदेश काढतं. लोक नाकं मुरडतात, पण गावची माणसं आदेशाशिवायही या दिवसांत नाळीत पाऊल टाकत नाहीत. वरून सुटलेला दगड हाक मारून येत नाही.

मग पावसात काय चालायचं? पायथ्यानं चालायचं. भाताच्या बांधावरून, चोंढ्यापाड्यांतून, लावणीच्या चिखलाच्या कडेनं. माहुलीचा पायथा, आजोबाच्या पायथ्याचं डेहणे, गोरखगडाच्या पायथ्याचं देहरी. गड ढगात असतो आणि ढग फाटला की क्षणभर सुळका दिसून पुन्हा जातो. माहुलीचे सुळके तर एक लग्नाचं वऱ्हाडच आहे, नवरा, नवरी, करवली, भटजी अशी त्यांची नावं. जवळच वजीरही उभा आहे.

भादव्यात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की माथ्यावर सोनकी पिवळी होते, तेरडा गुलाबी होतो, कातळाच्या ओल्या सड्यावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण मुळाशी इवल्या पिशव्या घेऊन पाण्यातले सूक्ष्म जीव खाणारी वनस्पती आहे. आणि कारवी. उतारावर दाट माजणारं हे झुडूप सात वर्षं नुसतं वाढतं, फुलत नाही. मग एका वर्षी सगळं रानच्या रान एकदम निळं-जांभळं फुलतं, बी धरतं आणि मरतं. पुढच्या वर्षी उतारावर वाळक्या काठ्या उभ्या, आणि खाली नव्या रोपांची दाटी. एका पिढीनं एकदम फुलण्यात शहाणपण आहे. इतकं बी एका वेळी पडतं की खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि बरंचसं उरतं. त्या वाळक्या काठ्या वाया जात नाहीत. ठाकर-कातकऱ्यांच्या झोपड्यांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या. काठ्या उभ्या विणायच्या आणि शेणमातीनं लिंपायच्या. डोंगर चढणाऱ्याला कारवी आणखी एका कारणानं प्रिय. घसाऱ्यावर पाय सुटला तर धरायला तीच असते.

आता माझी फजिती. नवरात्र नुकतंच संपलं होतं. पाऊस गेला, आकाश धुतलेलं, म्हणजे वाट खुली, असा माझा शहरी हिशेब. पदरात पोहोचलो तर गवत डोक्याच्या वर. पायाखाली वाट होती हे तळव्यांना कळत होतं, डोळ्यांना नाही. अशात एक छान रुळलेली वाट लागली आणि मी खुशीत तिच्यावरून सुटलो. पाऊण तास चाललो. वाट फुटायची, पुन्हा जुळायची, पुन्हा फुटायची. शेवटी एका डबक्याशी येऊन ती संपली. भोवती खुरांचे ठसे आणि ताजं शेण. ढोरवाट. शेळ्या वळणारा एक पोरगा दगडावर बसून माझ्याकडे बघत होता. तो बराच वेळ बघत असावा. "दादा, ही गुरांची वाट. माणसांची वर ऱ्हायली," एवढंच म्हणाला आणि पुढे होऊन गवत बाजूला सारत चालायला लागला. कोजागिरीनंतर गवत पिवळं पडून आडवं होतं, दिवाळीनंतर कापलं जातं, आणि तेव्हा कुठे वाट पुन्हा मळायला लागते. आता मी दिवाळीपर्यंत थांबतो.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. आश्विन वद्य द्वादशीला महादेव कोळी, ठाकर ही मंडळी वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाटेच्या कडेला शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडावर कोरलेला वाघ दिसला तर तो हाच. गुरं रानात सोडायची तर रानाच्या धन्याला आधी मान. शहरातल्या माणसाला हे भोळेपण वाटतं. त्याला मी आजोबाची गोष्ट सांगतो. डोंगराची नव्हे, बिबट्याची.

2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक थोराड नर बिबट्या बाहेर काढला गेला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन विभाग यांनी त्याला जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. त्याला नाव पडलं 'आजोबा'. तो माळशेजला राहिलाच नाही. सुमारे महिनाभरात, बहुतेक रात्रीच चालत, त्यानं 120 किलोमीटरच्या आसपास अंतर कापलं. कसाऱ्याला रेल्वेमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक पट्ट्याच्या बाजूनं गेला आणि थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. कसारा शहापूर तालुक्यातच आहे. म्हणजे हा महाशय आपल्याच रानांच्या अंगानं गेला आणि त्यानं वाटेत कुणा माणसाला इजा केली नाही. 2011 च्या डिसेंबरात घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेनं तो मेला. या पट्ट्यात इतकं नेमकं नोंदलेलं चालणं दुसऱ्या कुणाचं मला माहीत नाही.

डोंगर आजोबाचं नाव मात्र जुनं. डेहण्याच्या अंगाला रानात वाल्मीकींचा आश्रम दाखवतात. लव-कुश इथे वाढले आणि वाल्मीकींना आजोबा म्हणत, म्हणून हा डोंगर आजोबा, अशी कथा. याच डेहण्याहून करोली घाटानं चढलं की घाटमाथ्यावर साम्रद लागतं, आणि साम्रदच्या पलीकडून सांदण दरी थेट कोकणाकडे उतरते. सांदण म्हणजे जमिनीला गेलेला तडा. काही ठिकाणी दोन्ही भिंतींना एकदम हात टेकवता येतील इतका अरुंद, भिंती दोन-तीनशे फूट उंच, तळाला ऊन अगदी थोडा वेळ. पावसाळ्यात ती वाट नसते, पाण्याची नळी असते. हिवाळ्यातही मध्ये थंडगार डोह लागतात, छातीपर्यंत भिजून पार व्हायचे. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला जाणारी 'नळीची वाट' हीदेखील अशीच हिवाळ्यातली, दगडावरून दगडावर, सकाळी निघून अंधारापर्यंत. दोन्हीकडे गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. हे सूचनाफलकावरचं वाक्य वाटेल, पण ती माणसं कुठला दगड हलतो ते जाणतात आणि आपण जाणत नाही.

हिवाळ्याची खरी मोठी वाट मात्र नाणेघाट. कल्याण-माळशेज रस्त्यावर वैशाखरे सोडलं की डावा-उजवा विचार न करता समोरच नानाचा अंगठा दिसतो, कड्यातून वर आलेला सुळका. तिथून फरसबंद, पायऱ्या खोदलेली वाट वर चढते. ही वाट मळलेली नाही, घडवलेली आहे, म्हणून दोन हजार वर्षांच्या पावसांनी ती मोडली नाही. कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण. सातवाहनांच्या राज्याचा माल या खिंडीतून जायचा. ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या व्यापारी पुस्तिकेत कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही चारही नावं आहेत. त्या काळी मिसरहून जहाजं जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन पावसाच्या अखेरीस आपल्या किनाऱ्याला लागत, आणि वारा उलटला की डिसेंबर-जानेवारीत परत जात. म्हणजे जहाजं बंदरात असायची नेमकी त्या महिन्यांत, जेव्हा घाटातला चिखल वाळलेला असे आणि लादलेले बैल चढू-उतरू शकत. समुद्र आणि डोंगर दोघांचं वेळापत्रक एकाच पावसानं लिहिलेलं होतं. मला नाणेघाटाचं सर्वांत मोठं नवल वाटतं ते हेच.

घाटाच्या तोंडाशी लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे, साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांच्या दक्षिणा. दक्षिणा मोजायची म्हणून आकडे आले, आणि ते आकडे आज गणिताच्या इतिहासात मोलाचे ठरले. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हं. पण दोन, चार, सहा, सात, नऊ यांची रूपं पाहिली तर आजच्या आकड्यांचे पूर्वज ओळखू येतात. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका, श्री सातकर्णी आणि राजपुत्र. आता नावं शिल्लक आहेत आणि मूर्तींची फक्त पावलं. 1828 मध्ये कर्नल विल्यम साइक्सच्या नजरेला हे लेणं पडलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेख नीट वाचला. याच साइक्सनं हरिश्चंद्रगडाच्या बाजूला ढगावर पडलेली आपली सावली आणि तिच्याभोवतीचं गोल इंद्रधनुष्य पाहून त्याची नोंद केली. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. कोकणकड्याच्या खाली ढग आणि पाठीशी ऊन असं जुळलं तर ते आजही दिसतं. मला अजून दिसलेलं नाही.

लेण्याबाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि माझ्या दृष्टीनं जकातीपेक्षा तीच महत्त्वाची. चालणाऱ्याला वर पाणी मिळेल याची सोय झाली म्हणून ही वाट टिकली.

हिवाळ्यातली आणखी एक तारीख इथे विसरत नाहीत. 2 जानेवारी 1943. भाई कोतवाल, म्हणजे माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, यांचा 'आझाद दस्ता' विजेचे मनोरे पाडून ब्रिटिशांच्या नाकी नऊ आणत होता. पोलीस मागावर लागल्यावर त्यांनी सिद्धगडाच्या रानाचा आसरा घेतला. पहाटे पोलिसांनी घेरलं आणि गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी त्या तारखेला लोक त्या रानवाटेनं चालत स्मारकापाशी जमतात. वाट तशीही मळलेली असते, त्या दिवशी जरा जास्त मळते. पुढे पौष पौर्णिमेला म्हसोबाची म्हसा यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, आणि गोरखगडाकडे जाणारी गाडी त्या गर्दीत तासभर अडकणं ठरलेलं.

माघ सरला की पळस, पांगारा, काटेसावर पेटतात, पानं झडतात आणि कालपर्यंत झाकलेला डोंगर उघडा पडतो. अनोळखी वाट शोधायला हेच दिवस बरे. लांबूनही ओळ दिसते. पण पाणी आटतं. शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं, 1892 मध्ये तानसा धरण झालं तेव्हापासून. भातसाचं पाणीही तिकडेच. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात. डोंगरात जाणाऱ्यानं पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्याव्यात, पाड्यावरच्या हंड्यातून मागू नयेत, एवढं तरी आपल्या हातात आहे. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही नकोत.

या दिवसांत पायथ्याचं शेत काळं दिसतं. राब भाजलेला असतो. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचा थर रोपाच्या वाफ्यावर पसरून पेटवतात. तणाचं बी जळतं, राख खत होते. म्हणून इथले ऐन दर वर्षी छाटले जाऊन खांबासारखे उभे असतात, टोकाला पाल्याचा झुबका. मोहाची फुलं पहाटे गळतात, करवंदं पिकतात, आणि एका वाटेनं शंभर पावलं जायला अर्धा तास लागतो.

मेच्या शेवटी, वळवाच्या आधी-नंतर, पदरातल्या झाडांवर काजवे येतात. सुरुवातीला इकडे एक, तिकडे एक. मग एखादं झाड अख्खं उजळतं आणि विझतं, उजळतं आणि विझतं, जणू सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेतला. नर चमकून मादीला बोलावतात. त्यांच्या आयुष्याचे हेच थोडे दिवस, पाऊस जोरात लागला की संपले. विजेरी बंद ठेवून, गप्प, एका जागी बसून पाहायचे. एकदा असे पाहून परत निघालो तेव्हा अंधारात पायाला काहीतरी मऊ लागलं. वाकून हात लावला. वाटेच्या बरोबर मधोमध शेवळाचा कोंब वर आला होता.